जास्तीचे दगड

अक्का,

दारू सुटल्यापासून मी येलदरीच्या धरणात मासे धरायलोय. नव्यानं सोडणाऱ्यालाबी होडीत संगं नेतो. मधात पाण्यावर दुकान न्हाई, अन् जाळं वढताना हाताचं थरथरणं थांबतंय.

सध्या महारुद्र येतोय. गेल्या महिन्यात त्याची बायको वारली. आज सकाळपासून तो जाळ्याला बांधायचे दगड गोळा करायलाय. लागतेत त्याच्या दुप्पट झालेत. "एवढे कशाला?" म्हणलं, तर नुसता हसला. मी काढून टाकले, तर गुपचूप परत आणून ठिवले.

न्हाई नेलं, तर होडी घेऊन एकटाच जाईल. त्याचं बरंवाईट झालं, तर माझाबी हात परत बाटलीकडंच जाईल.

त्याला पोहता येत न्हाई. मला येतंय, पण गडी लय दणकट हाय.

हा कागद काठावर चपलीखाली ठिवतो. परत आलो की फाडून टाकीन.

तुजा,
लिंबाजी