गायनवृंदातला माझा आवाज

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजी अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का, ते सविस्तर कळव. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ही ठीक आहे. माझं काय ते पुढे वाचून तूच ठरव.

निवृत्त झाल्यापासून मी घरात पायात पायात येतो, म्हणून हिने मला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हौशी गायनवृंदात घातलं. (माझा गळा तुला माहीत आहे. मी गायला लागलो की तू शेजारी अभ्यासाला जायचीस.) वृंदाच्या बाई निवृत्त शिक्षिका, बोलणं अगदी मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुम्ही मागे खिडकीशी उभे राहा आणि नुसते ओठ हलवा. उंचीमुळे रांग शोभेल." अपमान गिळला, कारण चहा चांगला असायचा. पुढच्याच आठवड्यात बाईंनी गाणं मध्येच थांबवलं आणि विचारलं, खिडकीशी कोण गातंय? सगळ्यांच्या माना माझ्याकडे. शेजारचे दंतवैद्य (सवयीने त्यांचं लक्ष कायम माझ्या तोंडात) म्हणाले, "एवढा भरदार आवाज लपवता कशाला?" गाणं पुन्हा सुरू झालं. मी तोंड उघडलं मात्र, माझ्या कानामागून एका पुरुषाचा खोल, संथ सूर लागला. मागे फक्त भिंत होती. खिडकी बंद असून मानेवर गार श्वास येत होता. मी तोंड मिटलं की तो गप्प. पण ताई, शेवटी टाळ्या पडल्या आणि त्या माझ्यासाठी होत्या. मी मान लववून घेतल्या.

मग काय, मी मफलर घेतला, दही सोडलं आणि हिच्याशी खालच्या पट्टीत बोलू लागलो. वार्षिक कार्यक्रमात मला एकट्याने गायचं कडवं मिळालं. पण तोवर तो आवाज माझी वाट बघेनासा झाला होता. गाणं सुरू व्हायच्या आत माझा जबडा आपोआप खाली यायचा, कोणी हनुवटी धरून उघडावा तसा. कार्यक्रमाच्या दुपारी कडवं संपलं तरी तोंड मिटेना, आणि कोणी शिकवली नव्हती अशी एक ओळ माझ्या तोंडून निघाली. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या.

नंतर त्या आत भेटायला आल्या. म्हणाल्या, "ती ओळ आमच्या ह्यांची. भाजी चिरताना म्हणायचे. वृंदात मागे खिडकीशीच उभे असायचे, शेवटपर्यंत." मोठेपणा घ्यायची हीच वेळ होती, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून धीर होईना. मी म्हटलं, "आजी, मला गाता येत नाही. मी फक्त तोंड उघडतो."

"मग उघडा ना," त्या म्हणाल्या.

मी उघडलं. या वेळी गाणं आलं नाही. तोच आवाज हळूच म्हणाला, "गॅस बंद केलास का?"

आजी भिंतीला धरून हसल्या, मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "केला हो. तुम्ही जा आता." मानेवरचा गारवा तेवढ्यात ओसरला. पुढच्या तालमीला माझ्या जागेवर शुद्ध शांतता होती, आणि बाईंनी मला पुन्हा ओठ हलवायला सांगितलं.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.
तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण : काही दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का? आजींनी ही गोष्ट चारचौघींना सांगितली. आता आमच्या जिन्यात अनोळखी बायका थांबलेल्या असतात, आणि मला जांभई आली की सगळ्या बोलायच्या थांबतात.

ता. क. २ वरचं राहू दे, तूच ये. आज जेवताना घास घ्यायला तोंड उघडलं तर आपल्या आईचा आवाज आला, जाऊन इतकी वर्षं झाली तरी अगदी तसाच. माझी चौकशी नाही केली. तुला हाक मारून विचारलं, जेवलीस का. मी उत्तर देणार होतो, पण तोंड तिच्या ताब्यात होतं.