जीव लावणारा

लिंबायत, सुरत
रविवार, १२ जानेवारी २०२५

लाडकी चंचल,

ताईचा आशीर्वाद. माय-आबा बरे असतील. इकडे मी बरी, खुशी बरी. आता ती धरून धरून उभी राहते. चार दात आलेत, दिसेल त्याला चावते.

पत्र बघून हसशील. सातवी शिकलेली ताई कागद काळे करते. पण तूच म्हणाली ना, साखरपुड्यापासून तुझं व्हॉट्सॲप भूपेंद्रच्या फोनमध्येपण चालतं. म्हणून कलाबाई गावाला चालल्यात, त्यांच्याजवळ देते. वाचून चुलीत घाल.

त्या दिवशी तू सांगत होती, "ताई, तासातासाला फोन करतो, कुठे आहे फोटो पाठव म्हणतो. दाजींसारखाच जीव लावणारा भेटला." मी हसले. तुझे दाजी बाजूलाच बसले होते. फोन त्यांचाच होता.

चंचल, मी खोटं बोलत होते. खोटं तरी काय, मलाच ते खरं वाटायचं. बाळंतपणाहून परत आले तेव्हापासून दाजी सकाळी सातला पलसाण्याला मिलमध्ये जाताना बाहेरून कुलूप लावायचे. फोन सोबत न्यायचे. "सुरत खराब आहे, तू भोळी आहे." आणि मी जाळीतून शेजारणींना मिरवून सांगायचे, बघा, किती जपतात. आपल्याला काय माहीत, बाईला त्रास देणारा म्हणजे दारुडा, मारकुटा. हे तर चहापण पीत नाहीत. कधी बोट लावलं नाही. मग मी कशाची तक्रार करू?

मागच्या महिन्यात मी साडीला खडे चिकटवत होते. खुशीने एक तोंडात टाकला. घशात अडकला. पोरीचं तोंड निळं पडलं. दार ओढते तर उघडत नाही. जाळीतून ओरडले. समोरच्या सरलाबाई वरवंटा घेऊन धावल्या, कोयंडा तोडला, खुशीला उलटी धरली, पाठीत थापा हाणल्या. खडा पडला. अशी रडली पोरगी! इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

संध्याकाळी चेतन आला, तुझे दाजी. आता नावानेच म्हणते. मी सगळं सांगितलं, खडा, निळं तोंड, सगळं. तो म्हणाला, "कुलूप कोणी तोडलं?" मग म्हणाला, "आत कोण कोण आलं होतं?" पोरगी कशी आहे, ते विचारलंच नाही.

सरलाबाईंनी १८१ ला, बायांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. दोन बाया गाडी घेऊन आल्या. मी आपलं तेच, "ते मारत नाहीत हो." त्यातली एक म्हणाली, "बेन, कैदीने पण रोज मारता नथी." आधी समजलं नाही. कैद्यालापण कोणी रोज मारत नाही, हे समजलं तेव्हा रडत बसले.

आज बावीस दिवस झाले, घर सोडून सरलाबाईंकडे आहे. साड्यांचे धागे कापते. चेतन दोनदा गल्लीत येऊन उभा राहिला, मी आतून कडी लावून घेतली. मग त्याला चौकीत बोलावून समज दिली. भीती आहे अजून, नाही कशाला म्हणू. पण काल अर्धा किलो वांगी आणायला मी एक तास लावला. मुद्दाम. खुशीला कडेवर घेऊन भाजीच्या सगळ्या गाड्या फिरले. कुठे होती म्हणून कोणी विचारलं नाही. किती हलकं वाटलं, काय सांगू तुला.

भूपेंद्र वाईटच आहे असं मी म्हणत नाही. फक्त त्याला एकदा सांगून बघ, माझा फोन मी कोणाला दाखवणार नाही आणि नर्सिंगचा क्लास सोडणार नाही. मग तो काय म्हणतो ते नीट ऐक. लग्न अखजीच्या सणाला आहे, अजून तीन महिने हातात आहेत.

मोडावं वाटलं तर घाबरू नको. गाव बोलेल, मोठी नवरा सोडून बसली, लहानीने सोयरीक मोडली. माय रडेल. तू माझं नाव पुढे कर. सांग, सोनालीनेच मोडायला लावलं. मला शिव्या घालू दे सगळ्यांना. मी ऐकून घेईन.

तुझीच ताई, जिने एवढे दिवस तुला फसवलं,
सोनाली