वाढत्या मापाची कुंडी

सूनबाई,

मनीप्लांट खिडकीत दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. तो मोरीत निथळतोय आणि चांगला जिवंत आहे.

रविवारी तू नको नको म्हणत असताना मी त्याला बादलीएवढ्या कुंडीत हलवलं. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, सगळे वाढत्या मापाचे. म्हटलं, झाडही पोरांसारखंच, वर्षभरात कुंडीत मावेनासं होईल. तू म्हणालीस, "बाबा, एवढी माती ओली राहील, मुळं कुजतील." मी म्हणालो, "मला माप शिकवू नकोस." तेव्हापासून तू माझ्याशी 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतेस.

आज पानं पिवळी दिसली. उपसून बघितलं तर तळाला नुसता चिखल, आणि दोन मुळं काळी. ती मी माझ्या कापडाच्या कात्रीने कापली, यावरून काय ते समज.

आता तो तू आणलेल्या मातीच्या कुंडीत आहे. होय, तीच, जिला मी वाटी म्हणालो होतो. रविवारच्या आधीच्या कुंडीपेक्षा दोनच बोटं रुंद, खाली भोक. पाणी घातलंय. माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पुन्हा घालू नकोस. मोठ्या कुंडीत छत्र्या ठेवल्यात, छान मावतात.

मी दुकानात निघालो. टेप कुंडीशेजारी ठेवलाय. टेप नाही, म्हणून गिऱ्हाइकांना आज "उद्या या" म्हणेन, त्यांना सवय आहे. तुझ्या नवऱ्यालाही या टेपला मी कधी हात लावू दिला नाही.

पुढच्या वेळी माप तू घे.

— बाबा