माळ्यावरचं गवत

६ जून, शुक्रवार
उद्या सब्बाथ, शनिवारचा पवित्र विसावा; परवा पाऊस. म्हणजे कापलेलं गवत आजच बांधून गोठ्यावरच्या माळ्यावर चढवायला हवं. तिरसाने गवतात हात घातला आणि म्हणाली, असाएल, हे ओलं आहे. बायकोला सगळंच ओलं लागतं. वस्तीचे वडील, म्हणजे धर्मप्रमुख, हनोखभाऊ म्हणाले, वाळलं नसेल तर राहू दे रे, भिजलं तर भिजलं. अशाने वस्ती चालते होय? शिकागोतली विम्याची नोकरी सोडून मी इथे मिसूरीत, या सब्बाथ पाळणाऱ्यांच्या वस्तीत आलो तो काय बघत बसायला? येत्या मांडवांच्या सणाला वडीलमंडळात एक जागा भरायची आहे. ती माझीच. आज गवतप्रमुख, उद्या वडील.

सूर्यास्ताच्या आत सगळं वर. हनोखभाऊंनी विचारलं, वाळलं होतं ना? म्हटलं, खडखडीत.

१२ जून, गुरुवार
माळ्यावर छान वास येतोय. साखर करपल्यासारखा, गोड. तिरसाला तो आवडत नाही. म्हणाली, हनोखभाऊंना सांग. कशाला? म्हातारा माणूस, उगाच काळजी करील.

१७ जून, मंगळवार
एका गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला. लगेच काढला. जून आहे, गरम असणारच.
तिरसा पुन्हा तेच. ओलं गवत दाबून ठेवलं की आतल्या आत तापून पेट घेतं, खाली गोठ्यात शेळ्या आहेत, आपली गाय आहे, म्हणाली. मला काय दिसत नाहीत? शुक्रवारी गठ्ठे खाली काढून पसरायचे, कुणाला कळू न देता. ठरलं.

२० जून, शुक्रवार
जमलं नाही. उद्या प्रार्थनेनंतर मला बोलायचं आहे, विषय ‘विश्वास’. तयारी नको? रविवारी नक्की.
तळहाताला फोड आलाय. फावड्याने आला असेल. या आठवड्यात फावडं धरलं नव्हतं, पण आधीचा राहिला असेल.

२१ जून, सब्बाथ. दुपार.
सब्बाथला लिहायचं नसतं. ही मनातली नोंद समजायची, हात आपला चालतोय.
भाषण उत्तम झालं. बाहेर आलो तर माळ्याच्या छपरावर धुकं. बाकी कुठल्याच छपरावर नव्हतं. पोरं ओरडली, मेघस्तंभ, मेघस्तंभ! इस्राएलला वाळवंटात वाट दाखवणारा देवाचा ढग म्हणे. मी त्यांचा उत्साह मोडला नाही.
तिरसा कानाशी येऊन म्हणाली, आता तरी सांग. आज सांगितलं तर अख्खी वस्ती विसावा मोडून गठ्ठे उतरवणार. एवढं पाप मी लोकांच्या माथी मारू? मेंढरू खड्ड्यात पडलं तर सब्बाथलाही काढावं, हे येशुआंचंच, येशू ख्रिस्तांचंच वचन आहे, मान्य. पण मेंढरू अजून पडलेलं नाही. रात्री तीन तारे दिसले, सब्बाथ संपला, की लगेच सांगतो. ओझं माझ्या एकट्यावर राहू दे.
मला भीती वाटते आहे. उपासामुळे असेल. पण आज उपास नाही.

२२ जून, रविवार
काल रात्री तारे दिसले. सब्बाथला निरोप द्यायची मेणबत्ती विझवली आणि मी म्हटलं, भावांनो, थोडं गवत हलवायचं आहे. वस्तीतल्या योनादाबने माळ्याचं दार उघडलं. वारा आत गेला आणि सगळा माळा एकदम पेटला. त्याच्या भुवया गेल्या, हात भाजले. डोळे वाचले.

जनावरं वाचली. तिरसाने दुपारीच सगळी ओढ्याकाठी नेऊन बांधली होती. हनोखभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, पोरी, तुला कसं गं कळलं? ती म्हणाली, गवत ओलं होतं. मी याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पुढेही सांगत राहिले.

मी हवामानाविषयी बोलणार होतो. कुणी थांबलंच नाही.

सकाळी शेजारचा वेंडेल आला. रविवार पाळणारा माणूस, त्याला खरा सब्बाथ समजावायचं माझ्या मनात होतं. आज त्याचं अख्खं चर्च प्रार्थना सोडून आलं, ट्रक भरभरून कोरडं गवत घेऊन. मी उतरवायला पुढे झालो. हनोखभाऊंनी माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला. रागावले नाहीत. म्हणाले, भाऊ, तू बस.

बसलो. संध्याकाळ झाली, अजून कुणी ऊठ म्हणालेलं नाही.