हलकं रिव्हॉल्व्हर, जड रिव्हॉल्व्हर आणि नळीवरचं नाणं

तीर्थस्वरूप ओलेटामावशीस,

डीनाचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझा स्वभाव, तिघांच्याही प्रकृतीची खबर याच क्रमाने कळव. मी बरी आहे. उजव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे अक्षर असं आलंय, त्यावरून काही भलतं समजू नकोस. पट्टीचीच हकीकत सांगायला बसले आहे.

लाईल वारला, मी विधवा झाले, त्याला चौदा महिने उलटले, आणि रॉइसदादाने निकाल देऊन टाकलाय. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत मी एकटी सुरक्षित राहू शकते हे त्याला पटलं पाहिजे, नाहीतर हे घर विकून मी नॉक्सव्हिलला त्याच्या तळघरात राहायला जायचं. (तळघरात खिडकी एकच आहे आणि ती त्याने व्यायामाच्या यंत्राने बुजवली आहे. यंत्रावर कपडे वाळतात.) मला हे घर सोडायचं नाही. दुधाच्या बाटलीशी बोलावं लागलं तरी नाही. म्हणून मी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं.

आता तुझ्याबद्दलची तक्रार. तू पत्रात लिहिलंस, बाईमाणसाने हलकं, लहान, पर्समध्ये मावेल असंच घ्यावं. व्हर्लिनच्या बंदुकांच्या दुकानात गल्ल्याजवळच्या स्टुलांवर बसणारे तिन्ही म्हातारे हेच म्हणाले. दादा तर न विचारताच वाढदिवसाला तसंच एक घेऊन आला, गुलाबी मुठीचं, वजनाला जेमतेम पावाच्या चार कापांइतकं. हातात घेतल्यावर मलाही वाटलं, वा, किती गोड. मावशी, त्याच्यात गोड काही नाही. जेवढं हलकं तेवढी लाथ जबर, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही सांगितलं नाही. नेमबाजीच्या रेंजवर मी पाच गोळ्या झाडल्या. पहिलीने अंगठ्याजवळची कातडी सोलली. दुसरी, तिसरी, चौथी कुठे गेल्या ते देवालाच माहीत. पाचवीने नेमाचा कागद ज्या चिमट्याला टांगला होता तो चिमटा उडवला आणि कागद, अंगावर एक ओरखडा नसलेला, शांतपणे खाली उतरला. शेजारचा माणूस टोपी काढून उभा राहिला. (मला वाटलं आदराने. तो टोपीआड हसू लपवत होता.)

रविवारी चर्चच्या जेवणात माझी पट्टी पाहून सगळ्यांना कंठ फुटला. एरवी कोणाचा बटाट्याचा पदार्थ खारट झाला यावर बोलणारी माणसं, पण त्या दिवशी वाढप थांबलं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या पाच बऱ्या की सहा, यावरून टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एल्डनने आपल्या सख्ख्या मेहुण्याशी अबोला धरला. त्याचं म्हणणं, पाचात ज्याचं काम होत नाही त्याची सहावी छतालाच लागते. पाद्रीसाहेबांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, प्रार्थना करणार. तिने पर्स किलकिली करून आपलं रिव्हॉल्व्हर दाखवलं आणि मूठ रबरीच घे असं कानात सांगितलं.

शेवटी भेटली ती अर्डिथ. पूर्वी शाळेची बस चालवायची, आता रेंजवर बायकांना शिकवते. तिने माझं गुलाबी प्रकरण दोन बोटांत उचलून पाहिलं आणि विचारलं, "हे तुला भेट देणारा तुझ्यावर रागावलाय का?" मग तिने रेंजची भाड्याची चार रिव्हॉल्व्हर एकेक करून माझ्या हातात दिली. घेतलं ते पोलादाचं. लहानच, पण भरीव, तीन इंची नळी, तळहात भरेल अशी रबरी मूठ, आणि आत कमी दारू भरलेल्या गोळ्या. वजनच धक्का गिळून टाकतं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या बिडाच्या तव्यासारखं.

घरी करायचा अभ्यासही तिने दिलाय. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा पाहायचं, नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा, म्हणजे हात स्थिर होतो. पहिला आठवडाभर नाणं पडत राहिलं. एकदा घरंगळत फ्रीजखाली गेलं. मी पालथी पडून झाडूच्या दांड्याने ओढलं, तर नाण्याबरोबर लाईलच्या मासे धरायच्या गळाचा लाल तरंगा बाहेर आला. तोच, जो मी हरवला म्हणून त्याने आठवडाभर धुसफूस केली होती. मी तशीच फरशीवर बसून त्याला मोठ्याने सांगितलं, बघ, मी नव्हता हरवला. मग बराच वेळ उठले नाही.

असो. कोंबड्यांना जप.

तुझी,
डीना

ता. क. दादाने विचारलं तर गुलाबी मला फार आवडलं असं सांग. ते व्हर्लिनकडे देऊन मी पोलादाचं घेतलंय. गुलाबी मूठ मात्र काढून ठेवली आहे, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाच्या दिवशी त्याला दाखवायला.

ता. क. २. अंगठा बरा होत आलाय, नेमही जमतोय. पण रिव्हॉल्व्हर समोर बसून जेवत नाही, हे मला कोणत्याच म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं. दादाला खरी भीती चोराची नाही, मी एकटी आहे याची आहे, आणि त्यात तो चुकत नाही. सप्टेंबरमध्ये तू पायऱ्यांवरून घसरलीस हे फक्त पोस्टमनला सांगितलंस ना? तो एल्डनचा भाचा आहे. तर या हिवाळ्यात माझ्याकडे येऊन राहा. कोंबड्यांसकट. तुला माझी गरज नाही हे ठाऊक आहे. मला तुझी आहे, घर वाचवायला. थँक्सगिव्हिंगच्या आधी ये, म्हणजे दादा दारात आला की दार तूच उघडशील.

ता. क. ३. येताना फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजव, म्हणजे तूच आहेस हे कळेल. नाणं आता पडत नाही.