विकायला आलेलं शेवाळ

आबा, तुम्ही माहेरच्या हौदात उतरून काथ्यानं भिंती घासताय आणि मी वरून घागरीनं पाणी ओततेय. म्हशी खोळंबल्यात, चूल पेटायची आहे, पण आधी हौद. "हौदाला शेवाळ धरलं म्हंजे घर झोपलंय, असं लोक म्हणत्यात," म्हणत तुम्ही हिरवा गोळा उकिरड्यावर भिरकावता. नव्वदच्या दशकातली ती सकाळ. पुढं तुम्ही गेलात, शतक बदललं, मग हेही गेले. राधानगरीकडच्या रानात ह्यांनी हौसेनं खणलेलं माशांचं तळं तेवढं माझ्याकडं राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. यंदाही तसंच झालं तर तळं बुजवून ऊस लावायचा, असं दिरांनी ठरवलंय. अशात मागच्या आठवड्यात माशांचं खाद्य विकणारा एक तरुण पिशवी घेऊन दारात आला. आत समुद्री शेवाळाची पूड.

"पावणं, आम्ही शेवाळ खरवडून टाकतो. तुम्ही त्येच इकाय आलाय व्हय?"

"मावशी, ह्ये समुद्रातलं हाय. कोंड्यात कालवून घातलं की तापल्या पाण्यात तग धरायला माशाला बळ येतंय."

मला ते पटेना. समुद्राचं पाणी फार तापलं की दोरांवर वाढवलेलं शेवाळच पांढरं पडतं, गळून जातं, असं मी वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. मी म्हटलं, "जे सोताच उन्हानं कुजतंय, ते माझ्या माशांस्नी काय बळ देणार?"

तो हसला. "मेथीबी उन्हानं करपती की, मावशी. म्हणून भाजी खायाची सोडतासा काय?"

पिशवी ठेवून घेतली, दिवसभरात चारदा उघडून वास घेतला. खारट, ओल्या गोणपाटासारखा. विश्वास बसेना आणि परतही देववेना.

आबा, हे कागदावरच राहणार आहे, म्हणून लिहिते. संशय नुसत्या पुडीचा नव्हता. काही न करता मासे मेले असते तर उन्हाला बोल लावता आला असता. पूड घालून मेले, तर ह्यांचं तळं माझ्या हातानं गेलं असं होणार.

पण नुसतं बघत बसले असते, तर घर झोपलंय असंच झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूड कोंड्यात कालवली आणि तळ्यात टाकली.