फ्री थ्रोच्या वेळची बोंब

सिंधु,

मागचा बास्केटबॉलचा हंगाम संपला तेव्हा आपण एकाच जिल्ह्याचे होतो. आता लातूर वेगळं झालं आणि तुझं तुळजापूर उस्मानाबादेतच राहिलं. फायनल हरून एसटीत चढताना तू विचारलंस, "शिवमूर्ती, पुढच्या साली मी तुमच्या विरोधात खेळणार. कुणाकडून ओरडशील?"

माझं डोकं लगेच तापलं. "लातूरकडून! हाय का काही म्हणणं?"

"न्हाई बा. घसा सांभाळ," म्हणत तू खिडकी लावून घेतलीस.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. कॉलेज सोडून डाळमिलला लागलो, तरी संध्याकाळी पाय मैदानाकडेच वळतात. दुष्काळामुळे मैदानावर पाणी मारणं बंद आहे, धुळीत पाय सरकतात. म्हणून मी घमेल्यात उभा राहून अंघोळ करतो आणि ते पाणी फ्री थ्रोच्या रेषेवर नेऊन ओततो. पोरं म्हणतात, "लातूरसाठी लई करून राहिला रे!" मी "हाव" म्हणत मान डोलावतो.

रविवारी इथल्या सामन्यात तू त्याच रेषेवर उभी राहशील. तुझा नेम चुकावा म्हणून अख्खं लातूर बोंब मारेल. त्यात माझा आवाज नसेल. पण हे आधी कळवलं, तर तू मला शोधायला मान वळवशील आणि नेम खरंच चुकेल. म्हणून पत्र खिशातच ठेवतो.

जिल्हा लातूर, तरी तुझाच,
शिवमूर्ती